मागच्या खोलीची भिंत

वडसा, १४ नोव्हेंबर

मुबीन,

सलाम. तुझा पत्ता मी तुझ्या दोस्ताकडून, अश्वजितकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस. तो देत नव्हता. मीच त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बसले, गिऱ्हाइकं बघायला लागली तेव्हा त्यानं दिला. फोन नंबरही दिला होता, पण फोनवर तू 'हो, नाही' करून ठेवून देशील आणि मला विचारायचं आहे ते लांबलचक आहे. शिवाय घरात फोनवर बोललेलं अब्बांना ऐकू जातं. एरवी त्यांना कमी ऐकू येतं, तुझं नाव मात्र बरोबर ऐकू येतं.

अश्वजित सांगत होता, तू तिकडे कोकणात समुद्राकाठची जुनी घरं कोरडी करून देतोस. ओल, बुरशी, गळती, सगळं. त्यानं तुझ्या कामाचे फोटो दाखवले. एका फोटोत तुझी लेक आयत होती, हातात गवंड्याची करणी घेऊन. नाक आपल्या अम्मीचं आहे.

तर आपल्या घराचं विचारायचं आहे. मागच्या खोलीचं.

तू गेलास तेव्हाचं घर आता नाही. छपरावर कवेलू तेच आहेत, भिंती आतून त्याच मातीच्या आहेत, पण आता त्यांना दोन्ही बाजूंनी सिमेंटचं प्लास्टर आहे. आत छातीपर्यंत टाइल्स, वर पिस्ता रंगाचा ऑइल पेंट. अब्बांनी करून घेतलं. काऊन, ते नंतर कधीतरी सांगेन.

आता असं झालंय की पेंट पापडासारखा फुगतो. बोटानं दाबला तर फुटतो आणि आतून पाणी येतं, नाहीतर मिठासारखी पांढरी पूड पडते. टाइलवर ठोकलं तर पोकळ वाजतं. कपाट ओढून पाहिलं, तर मागे भिंत छतापर्यंत काळी. गोधड्यांना वास येतो. माचीस पेटत नाही. या दिवसांत नदीवरून धुक्याची धुई येते ती दहा-दहा वाजेपर्यंत आपल्या गल्लीतच बसून राहते, तुला माहीत आहे. त्या पुरात नदी जणू घर बघून गेली, आता रोज येते.

अब्बांचे पडदेही त्याच खोलीत आहेत. नाटकवाले आता फ्लेक्स लावतात, रंगवलेला पडदा कुणी मागत नाही, पण अब्बा दर दिवाळीला सगळे उलगडून बघतात. या दिवाळीला 'बगीचा' उलगडला तर अर्ध्या बगीच्यावर बुरशी. अब्बा म्हणाले, "झाडं वाढली म्हणायची." हसले. मग खूप वेळ खोकत बसले.

टीव्हीच्या जाहिरातीत एक केमिकल दाखवतात, भिंतीला लावलं की ओल जाते. ते लावू का? की दुसरं काही? एवढंच सांग. मी तुला बाकी काही विचारत नाही.

अब्बा बरे आहेत. थोडा खोकला आहे. मी बरी आहे. नाटक कंपन्यांचे कपडे शिवते, सीझन आहे, काम भरपूर.

तुझी आपा,
खैरुन


वडसा, ६ डिसेंबर

मुबीन,

तुझं पत्र आलं. वर 'आपा' लिहिलं नाहीस, खाली नाव लिहिलं नाहीस. सरळ 'पहिलं काम' असं सुरू केलंस. तरी मी ते दोनदा वाचलं. भिंतीचं चित्र छान काढलंस, खालून चढणाऱ्या पाण्याचे बाण वगैरे. हात अब्बांचाच आहे.

मला समजलं ते असं. मातीची भिंत जमिनीतलं पाणी पिते आणि वाऱ्यात सोडून देते. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं. आता पाणी बाहेर जाऊ शकत नाही म्हणून वर चढतं. वरून केमिकल लावलं तर आणखी वाईट. म्हणून सगळं सिमेंट काढायचं, टाइल्स काढायच्या, भिंतीच्या बाहेर चर खोदायचा, वरून टेकू द्यायचा, उन्हाळाभर भिंत उघडी ठेवायची, मग माती आणि चुन्याचा गिलावा. बरोबर?

शेवटी तू लिहिलंस, 'कोणत्या मूर्खानं मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं?'

तर ऐक.

अम्मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी तू अब्बांना सगळ्यांसमोर बोललास. या घरानं अम्मीला खाल्लं, पूर उतरल्यावर आठ दिवसांत दम्याच्या बाईला ओल्या खोलीत आणून निजवलं, मी सांगून थकलो की हे मातीचं पाडा, पक्कं करा, तुम्ही ऐकलं नाही. मग तू गेलास.  उन्हाळा लागल्याबरोबर अब्बांनी मिस्त्री बोलावला. ज्या माणसानं जन्मभर सिमेंटला नाक मुरडलं, तो दिवसभर उन्हात उभा राहून प्लास्टर करून घेत होता. टाइल्स स्वतः निवडल्या. पिस्ता रंग काऊन? तर तुझ्या लग्नात तू तुझ्या खोलीला तोच मागितला होतास म्हणून. काम झालं तेव्हा मला म्हणाले, "झालं पक्कं. मुबीन आला त म्हणन, बाप ऐकते."

तेव्हापासून दर ईदला ते टाइल्स ओल्या फडक्यानं पुसतात.

आता तू सांग, मी त्यांना काय सांगू?

तरी परवा मी हिंमत केली. सकाळची वेळ, ते ओसरीत शाल गुंडाळून बसले होते.

"अब्बा, मागच्या खोलीचं प्लास्टर थोडं काढून पाहू का?"

"काऊन?"

"ओल धरली."

"नवीन काम हाय. नवीन काम ओल धरते. सुकाले टाइम लागते."

"तीन वर्षं झाली अब्बा."

"मंग आणखी लागन." मग शाल सावरत म्हणाले, "मुबीनचा धंदाच तो हाय म्हन्ते अश्वजित. तो येईन, पाहीन, मंग ठरवू. त्याले पाहू दे आधी. आपण काऊन तोडाचं?"

म्हणजे तू बघण्याआधी त्याला हात लावायचा नाही. आणि तू लिहितोस, लगेच काढा.

मी मागच्या पत्रात खोकला थोडा आहे लिहिलं. थोडा नाही. ओसरीतून अंगणात जायचं तर मध्ये दाराला धरून उभे राहतात. आणि निजतात त्याच मागच्या खोलीत, अम्मीच्या पलंगावर, भिंतीला लागून. मी पुढच्या खोलीत बिछाना घातला तर म्हणाले, "ती इथी होती. मी तिथी काऊन झोपू?" मी शेगडी ठेवली तर डॉक्टरांनी धुरासाठी झापलं. वाटीत चुना ठेवला, पंखा लावला, खिडकी उघडली तर धुई आत. बंद केली तर खोलीचा तोच वास. मी रोज सकाळी कापडानं भिंत पुसते, मुबीन, आणि दुपारपर्यंत ती परत घामेजते.

तू एकदा फोन कर. माझ्याशी नको बोलू. त्यांना फक्त एवढं म्हण, 'अब्बा, प्लास्टर काढा.' तू म्हटलंस तर ते स्वतः छिन्नी घेऊन उभे राहतील. तुझ्या एका वाक्यानं लावलं होतं. एका वाक्यानं निघेल.

आपा


ब्रह्मपुरी, ११ जानेवारी

मुबीन,

हे दवाखान्यातून लिहिते. तू अश्वजितला फोन केलास असं कळलं. मला नाही केलास. ठीक आहे. त्यानं तुला अर्धवट सांगितलं असेल, म्हणून सगळं लिहिते.

गेल्या सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर अब्बा पलंगावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास ओढत होते. ओठ निळे. बोलता येत नव्हतं, नुसतं बोटानं खिडकी दाखवत होते. अश्वजितनं गाडी आणली. पुलावर इतकी धुई की ड्रायव्हर डोकं बाहेर काढून चालवत होता. नदी दिसत नव्हती. अब्बा माझ्या खांद्यावर होते आणि त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, अम्मीचा यायचा तसा. मला वाटलं पूल संपतच नाही.

इथे ऑक्सिजन लावला. तिसऱ्या दिवशी बोलले. डॉक्टर बाई आहेत, तरुण, चांगल्या. त्यांनी मला घराचं विचारलं, मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बुरशीच्या हवेत राहून राहून फुप्फुस खराब झालंय. गेलंय ते परत येणार नाही. जे उरलंय ते वाचवायचं. त्या खोलीत त्यांना परत न्यायचं नाही."

मी म्हटलं, "ते दुसरीकडे राहणार नाहीत."

त्या म्हणाल्या, "मग खोली बदला."

तुझ्या फोनची वाट पाहिली होती. आता वाट पाहायला जागा उरली नव्हती. मी ठरवलं, अब्बा दवाखान्यात आहेत तोवर प्लास्टर काढून टाकायचं. आल्यावर रागावतील तर रागावतील.

चैतूभाऊ आठवतो? कुरखेड्याकडचा, नाटकाचे मंडप उभारायला यायचा, अब्बांचे पडदे तोच बांधायचा. मातीच्या भिंतीही घालतो. त्याला निरोप दिला. तो आणि त्याची बायको बुधरीबाई आले. मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. त्यानं डोकं खाजवलं. "सिमेंट लावलेली मातीची भिंत मी कधी सोलली नाई बाई. पाहू. लिहलं हाय तसं करू." तू लिहिलंस तसाच टेकू दिला. सागाच्या दोन बल्ल्या आडव्या, चार उभ्या. अश्वजितनंही हलवून बघितलं. पक्कं होतं.

टाइल्स काढायला छिन्नी लागलीच नाही. हाताला आल्या. मागून काळं पाणी ओघळलं आणि असा वास आला की बुधरीबाई पदर नाकाला लावून बाहेर गेली. आतली भिंत मी पाहिली. दोन हात रुंदीची भिंत, अब्बांच्या अब्बांनी घातलेली. ती भाताच्या रोवणीच्या बांधीतल्या चिखलासारखी झाली होती. मी बोट लावलं तर बोट आत गेलं. चैतूभाऊनं मुठीत माती घेऊन दाबली. मग म्हणाला, "हे त सिमेंटच्या भरवशावर उभी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं अंगणात चहा पीत होतो. आवाज मोठा झाला नाही. कुणीतरी जड माणूस उसासा टाकून खाली बसावा तसा. धावत गेलो तर मागची भिंत बसली होती. पूर्ण. टेकूनं छप्पर धरलं, तुझा टेकू खरा ठरला, पण टेकू छपराला होता, भिंतीला कोण धरणार? कवेलू घसरले, अम्मीचा पलंग मातीखाली गेला. आणि भिंतीच्या जागी सरळ घरामागची वाडी, पलीकडे धुई.

कुणाला लागलं नाही. चैतूभाऊ डोक्याला हात लावून बसला. "माहं चुकलं का बाई?" मी म्हटलं, नाही. तुझंही चुकलं नाही. तू लिहिलंस तसंच केलं. माझं चुकलं असेल तर तेही मला सापडत नाही. मी रडले नाही. खूप खोकला आला, धुळीनं.

अब्बांना अजून सांगितलं नाही. रोज विचारतात, "मागची खिडकी बंद केली ना?" मी म्हणते, केली.

आपा


वडसा, ३ फेब्रुवारी

मुबीन,

अब्बांना आणलं. अश्वजितनं त्याच्या दुकानावरची खोली दिली आहे, स्लॅबची, दोन्हीकडून ऊन येतं. ऑक्सिजनचं मशीन आहे. पण त्या दिवशी ते काही केल्या आधी तिथे जायला तयार झाले नाहीत. "घर पाहीन, मंग कुठीबी नेजा." गाडी गल्लीत थांबवली. मी एका बाजूनं, अश्वजित दुसऱ्या बाजूनं.

तुला हे सांगायला हवं. भिंत पडल्यावर वाडीतून कुत्री, डुकरं आत येत होती. चैतूभाऊनं पडद्यांमधून जो धड होता तो काढला आणि त्या भगदाडावर बांधून टाकला. 'राजवाडा'. खांब, कमानी, मागे निळं आकाश. मी तेव्हा त्याकडे नीट बघितलंही नव्हतं.

अब्बा मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. पुढे मातीचा ढीग, त्यात अम्मीच्या पलंगाचा एक पाय वर आलेला, आणि भिंतीच्या जागी राजवाडा हलतोय. वाऱ्यानं फुगायचा, परत बसायचा.  मला वाटलं आता ते खाली बसतील.

ते म्हणाले, "उलटा टांगला."

मी म्हटलं, "काय?"

"उजेड डाव्या अंगानं यायले पाह्यजे. मी उजेड डावीकडून रंगवला हाय. चैतूले सांग."

मग भिंतीला हात लावायला गेले, जी बाजूची भिंत उभी आहे तिला. टाइल्स नव्हत्या. माती होती, ओली. हात फिरवत राहिले. विचारलं, "कोणं सांगतलं तोडाले?"

मी खोटं बोलू शकले असते. डॉक्टरांनी सांगितलं म्हटलं असतं तर चाललं असतं. मी म्हटलं, "मुबीननं."

"आला होता?"

"नाही. पत्र आलं."

"पत्र आलं," ते म्हणाले. अश्वजितकडे बघून म्हणाले, "पत्र आलं म्हन्ते." मग चटकन् खोलीवर चला म्हणाले. जिन्यावर दोनदा बसावं लागलं. वर पोचल्यावर मशीन लावलं, जरा श्वास आला, तसे म्हणाले, "वाच."

तुला माहीत आहे, त्यांना फक्त उर्दू वाचता येतं आणि आता मोतीबिंदूमुळे तेही नाही. मी तुझं पत्र काढलं. त्यात काय आहे? 'पहिलं काम. दुसरं काम. टेकू. चर.' आणि 'कोणत्या मूर्खानं'. मी ते हातात धरलं, ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी वाचायला लागले. 'आपा, सलाम. अब्बांची तब्येत कशी आहे? थंडीत त्यांना जपा. सिमेंट लावलं ते चांगल्यासाठीच लावलं होतं, पण आता काढावं लागेल.' मग खरं खरं टेकूचं वाचलं. शेवटी वाचलं, 'अब्बांना माझा सलाम सांग. आयत त्यांची आठवण काढते.'

आयतनं त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही. माझ्या लक्षात आलं तोवर वाचून झालं होतं.

 दुसऱ्या दिवशी अब्बा म्हणाले, परत वाच. तिसऱ्या दिवशी परत. आता मला रोज आठवावं लागतं, काल काय वाचलं होतं. एकदा 'थंडीत जपा' म्हणायचं विसरले, तर ते थांबले, "थंडीचं राह्यलं."

काल म्हणाले, उत्तर लिह. मी सांगतो तसं लिह. तर हे त्यांचं:

"मुबीन बेटा, खुश राह. तू म्हणे म्हणून लावलं, तू म्हणे म्हणून काढलं, अन् पडलं. नाई, हे खोड. लिह, भिंत पडली त पडली. मातीचीच होती. चैतू होळीनंतर नवीन उचलून देतो म्हन्ते. थर सुकू सुकू द्या लागते, पावसाच्या आधी होईन. तू तिकडं समुद्रावर ओल्यात काम करते, छाती झाकून राहत जा. दमा घरातला हाय, तुह्या अम्मीकडून. पोरगी किती मोठी झाली ते लिहजो. बस."

खोड म्हणाले ते मी खोडलं नाही. तुला कळायला हवं.

या पत्राचं उत्तर देशील तर एक ओळ त्यांना लिही. खरी. मी पदरचं लावून लावून किती लावू?

आपा


वडसा, १२ मार्च

मुबीन,

तुझा फोन आला तेव्हा मी खाली दुकानात होते. धावत वर गेले, फोन त्यांच्या हातात दिला, म्हटलं, "मुबीन." त्यांनी दोन्ही हातांनी फोन कानाला धरला. मशीनचा आवाज येत होता म्हणून मी ते बंद केलं. मला तुझा श्वास ऐकू आला. तुला त्यांचा आला असेल. मी हातानं खुणा करत होते, बोला, बोला. ते मान हलवत होते, जसा तूच काही बोलतो आहेस. मग फोन कापला गेला. तू कापलास की रेंज गेली, मी विचारणार नाही.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काई नाई. काम असन त्याले."

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मग तुझं पत्र आलं, परवा. मी जिन्यातच उघडलं. वर 'आपा' लिहिलंस. मी जिन्यातच बसले. तू लिहिलंस, 'अब्बांना सांग, अम्मीला घरानं मारलं नाही. मी तसं बोललो ते चुकलं. सिमेंट लावा असं मीच ओरडत होतो, तेव्हा मलाही काही कळत नव्हतं. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी एका म्हाताऱ्या बाईच्या मातीच्या घराला तसंच सिमेंट लावून दिलं होतं. तिची भिंत फुगली तेव्हा मला आपलं घर आठवलं, आणि फोन करायचं धाडस झालं नाही. अब्बांना सांग, ते मूर्ख नाहीत.'

मी डोळे पुसून वर गेले. ते जागे होते. रमजान चालू आहे, त्यांना रोजे नाहीत, डॉक्टर बाईंनी मना केलं आहे, त्याचं त्यांना वाईट वाटतं म्हणून सकाळची वेळ ते कुराण ऐकत काढतात. मी म्हटलं, "अब्बा, मुबीनचं पत्र." आणि जसंच्या तसं वाचलं. एक शब्द लावला नाही, एक काढला नाही.

ते ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "बरं लिहलं."

मग म्हणाले, "हे तूनं लिहलं."

"नाही अब्बा. मुबीननं. हे बघा, त्याचं अक्षर."

"मले दिसते का अक्षर?" आवाज मऊ होता, रागाचा नाही. "बेटा, त्या दिवशीचं बी तूनंच जोडलं होतं. थंडीचं, सलामचं. मले मालूम हाय."

 मी विचारलं, "मग रोज परत परत काऊन वाचायला लावलंत?"

"तू वाचे त बरं वाटे."

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी चाचपला, कडा, घडी, मग परत दिला. मी अश्वजितला वर बोलावलं. त्यानं वाचून दाखवलं, तीच ओळ, तसंच. अब्बा हसले. "तुम्ही दोघं मिळून. मुबीन असं लिहत नाई. माह्या पोराले मी वळखतो. तो भिंतीचं लिहते. माणसाचं नाई लिहत." अश्वजित खाली गेला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

दुपारी बुधरीबाई आली होती मोहाची फुलं घेऊन. तिनं सांगितलं, बाजूच्या भिंती आता चांगल्या वाळल्या आहेत, हात लावला तर कोरडी माती लागते. घरात कुणी नाही, चूल नाही, माणसाचा श्वास नाही, खिडक्या सताड उघड्या, ऊन तापतंय. घर वाळतंय. तू लिहिलं होतंस तसंच होतंय सगळं. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "वाळू दे. मी पाह्यले येईन मंग." त्यांना जिना उतरवणं आता जमणार नाही. डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता खुर्चीवरून खाटेपर्यंत, एवढंच. माझाही एक्स-रे काढायला लावला. त्याचं काही नाही, गोळ्या दिल्या आहेत. मी त्या खोलीत भिंत पुसायला जात होते ना, त्याचं आहे.

चैतूभाऊ होळीला आला होता, पण भिंतीच्या पायाची जमीन अजून ओली आहे म्हणाला. ईदनंतर सुरू करतो म्हणतो. मला वाटत नाही पावसाच्या आधी होईल. त्यालाही वाटत नाही. तो अब्बांसमोर 'होईन, होईन' म्हणतो आणि खाली येऊन माझ्याकडे बघत नाही.

मी तुला ये म्हणत नाही. तीन वर्षं अब्बांनी ते तोंडातून काढलं नाही, मी कशी काढू? पण माझं वाचणं आता संपलं, मुबीन. मी खरं वाचलं तरी ते माझंच होतं. मी काय वाचू, कोणाच्या तोंडानं वाचू, मला माहीत नाही.

आज इफ्तारीला मी खजूर त्यांच्या हातात दिला. त्यांचा रोजा नाही, तरी ते माझ्याबरोबर अजान होईपर्यंत थांबतात. तोंडात घालायच्या आधी त्यांनी विचारलं, "पत्र आलं का?"

मी म्हटलं, "आलं ना अब्बा. परवा वाचलं."

"ते नाई," ते म्हणाले. "मुबीनचं."

आपा